मोरिनी साडेतीन: गरम झाली की मागचा सिलिंडर गप्प

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

थंड असताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. दोन्ही सिलिंडर नीट चालतात, आयडलिंगही स्वच्छ. पंचवीस-तीस मिनिटं चालवली, त्यात चढ आणि ऊन असलं, की मागचा सिलिंडर आधी अधूनमधून मिसिंग मारतो आणि मग पूर्ण गप्प बसतो. गाडी एकट्या पुढच्या सिलिंडरवर रखडते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. रस्त्याकडेला थांबून पाऊण तास कॉफी प्या, की काही झालंच नव्हतं अशा थाटात दोन्ही सिलिंडर पुन्हा हजर. घरी येऊन काहीही तपासा, सगळं ठणठणीत.

माझ्या १९७६ च्या मोटो मोरिनी ३½ स्त्रादा या इटालियन मोटरसायकलने हा खेळ माझ्याशी दोन उन्हाळे खेळला. चार वेळा मी "सापडलं!" म्हणून हात धुतले आणि चारही वेळा ती पुन्हा त्याच घाटात बसली. घाई असेल त्यांनी उत्तर घेऊन जावं: मागच्या सिलिंडरच्या इग्निशन पिकअपमधला (ठिणगीसाठी इशारा देणारी छोटी कॉइल) सोल्डरचा जोड तापला की सुटत होता. पण तुमच्या गाडीत तो जोड नसून दुसरंच काही असेल, आणि ते शोधण्याची रीत मला उत्तरापेक्षा जास्त उपयोगाची वाटते. म्हणून पुढचं लिहिते आहे.

मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी बोलोन्याला आले, पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात. या शहराच्या आसपास असे कारखाने पावलोपावली आहेत. मोटरसायकलींचंही तेच. मोरिनीचा कारखाना याच शहरात होता आणि डुकाटीचा आजही आहे. इथे जुन्या गाडीचा नाद न लागणं हेच अवघड. त्यातून या गाडीला इटालियन लोक 'त्रे ए मेझ्झो' म्हणतात, म्हणजे शब्दशः साडेतीन. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन शहाणे ऐकत वाढलेल्या बाईला हे नाव ऐकून गाडी न घेणं शक्य नव्हतं. चारांतला अर्धा शहाणा कोण, ते मात्र गाडी घेतल्यावर कळलं.

इंजिन आधी समजून घ्या

ज्यांना फक्त दुरुस्तीशी मतलब आहे त्यांनीही हा भाग वाचावा, कारण पुढची सगळी तपासणी या रचनेवरच उभी आहे.

आल्फोन्सो मोरिनी १९६९ मध्ये गेले आणि कारखाना त्यांच्या मुलीकडे, गाब्रिएला मोरिनींकडे आला. कारखाना लहान, पण नाव मोठं. १९६३ साली तार्क्विनिओ प्रोविनी मोरिनीच्या एका सिलिंडरच्या २५० सीसी गाडीवर होंडाच्या चार सिलिंडरांशी लढला, आणि जागतिक विजेतेपद होंडाच्या जिम रेडमनकडे गेलं ते अवघ्या २ गुणांनी. पण रस्त्यावर विकायला नवी गाडी हवी होती, तीही थोड्या पैशांत बनवता येणारी. ते काम फ्रांको लाम्बेर्तिनी या तरुण इंजिनिअरने केलं. १९७१ च्या मिलान प्रदर्शनात इंजिन लोकांनी पाहिलं, १९७३ पासून गाडी विकायला लागली.

बोअर ६२ मिमी, स्ट्रोक ५७ मिमी, ३४४ सीसी, दोन सिलिंडरांमध्ये ७२ अंशांचा व्ही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून अगदी सपाट. ज्वलनकक्ष हेडमध्ये नाहीच, तो पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खोलगट केलेला आहे. याला हेरॉन हेड म्हणतात. सॅम हेरॉन या इंजिनिअरच्या कल्पनेवरून हे नाव पडलं. मोटारींमध्ये १९६३ च्या रोव्हर २००० ला आणि १९७१ च्या जॅग्वार व्ही-१२ लाही अशीच सपाट हेडं होती. फायदा असा, की व्हॉल्व्ह एकमेकांना समांतर बसतात आणि हेडचं मशीनिंग स्वस्तात होतं. दोन सिलिंडरांच्या बेचक्यात एकच कॅमशाफ्ट, तोही दातेरी पट्ट्याने फिरणारा, आणि तिथून व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड. फाबिओ तालिओनींनी डुकाटीच्या पांताह गाडीत असा पट्टा वापरला तो त्यानंतर काही वर्षांनी. सहा गिअर, ड्राय क्लच, सुमारे ३५ अश्वशक्ती. त्या काळची आपली बुलेट ३५० सुमारे १८ ची होती, हे बाबांना सांगितलं तर ते अजून मानत नाहीत.

दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असल्याने दोन स्फोटांमधलं अंतर आलटून-पालटून २८८ आणि ४३२ अंश पडतं. लंगडी घालत धावणाऱ्या पोरीसारखा ताल. हा ताल कानात बसवून घ्या. मागचा सिलिंडर बंद पडला की मोजके ठोके उरतात, आणि लंगडीच थांबल्यासारखं वाटतं. दुखणं पहिल्यांदा कानालाच कळतं.

आता आपल्या कामाचा मुद्दा. लहान कारखान्याला सुटे भाग कमी प्रकारचे लागावेत म्हणून लाम्बेर्तिनीने जे एका सिलिंडरला तेच दुसऱ्याला, अशी काटकसर केली. त्याच साच्यातून मोरिनीने पुढे १२५ आणि २५० ची सिंगल इंजिनं काढली, ५०० ची व्ही-ट्विनही काढली. कारखान्याची ही काटकसर पन्नास वर्षांनी आपल्याला तपासणीचं हत्यार म्हणून मिळते. जो भाग संशयित आहे, त्याचा निरोगी जुळा भाऊ त्याच गाडीवर बसलेला असतो. पुस्तिकेतला आकडा शोधत बसायला नको, पुढच्या सिलिंडरला विचारा.

चार चुकीची उत्तरं

माझा रस्ता ठरलेला. बोलोन्यातून दक्षिणेला पियानोरो, मग लोयानो, मोंगिदोरो आणि वर ९६८ मीटरवर रातिकोझा खिंड. पुढे फुता खिंडीतून उतरून फ्लोरेन्सकडे जाता येतं. रविवारी सकाळी इथे दुचाक्यांची जी जत्रा असते ती पाहून मला पावसाळ्यातला ताम्हिणी आठवतो, फक्त भजी नसतात. पियानोरोपर्यंत गाडी सुरेख. लोयानोच्या आधी चढ चालू होतो, इंजिन चांगलं तापतं, आणि गाव मागे पडलं की मागचा सिलिंडर राम म्हणतो.

पहिल्या वेळी मी प्लग बदलला. जुना प्लग ओला आणि काळा निघाला, म्हटलं सापडलं. तीन आठवडे गाडी छान चालली. खरं तर ठिणगीच न पडणाऱ्या सिलिंडरचा प्लग ओला आणि काळाच असणार. तो आजाराचा परिणाम होता, मी त्यालाच कारण समजले.

दुसऱ्या वेळी प्लगची टोपी. या रेझिस्टरच्या टोप्या आतून जळून खरोखरच गरम झाल्यावर दगा देतात, त्यामुळे संशय रास्त होता. नवी बसवली. नंतरचा महिना पावसाळी आणि गार निघाला आणि गाडीने तक्रार केली नाही.

तिसऱ्या वेळी कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. डेलोर्तोचा व्हीएचबी २५, दोन सिलिंडरांना दोन. बाबांच्या स्कूटरला सकाळी एका बाजूला तिरकी करून मगच किक मारायची, हे बघत मोठी झाल्यामुळे गाडी बंद पडली की माझा हात आपोआप पेट्रोलकडेच जातो. टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं, फ्लोट पाहिला, जेट फुंकले, इनटेकच्या जोडाला बाहेरून हवा तर लागत नाही ना तेही पाहिलं. झाकणाचं भोक बुजलं असतं तर टाकीत पोकळी होऊन दोन्ही सिलिंडर उपाशी राहिले असते, एकटा मागचा नाही. एवढा साधा हिशोब मला तेव्हा सुचला नाही. टाकी दोघांची एकच. दुखणं एकाचंच असेल तर कारणही त्या एकाच्याच मालकीचं असायला हवं.

चौथ्या वेळी टॅपेट. व्हॉल्व्हचा गॅप कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि सिलिंडर बंद पडतो. लक्षणं हुबेहूब हीच. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन थंड इंजिनवर पुस्तिकेप्रमाणे गॅप लावले. मागचा एक थोडा घट्ट होताही. पुन्हा सापडलं!

या सगळ्यात एक सिद्धांत मला जो भेटेल तो ऐकवत होता: "व्ही इंजिनात मागच्या सिलिंडरला हवा लागत नाही, तो तापणारच." ऐकायला इतकं पटणारं आहे की मी वर्षभर त्यावर विसंबले. लाम्बेर्तिनीने दोन सिलिंडर एका रेषेत न ठेवता एकमेकांपासून बाजूला सरकवले आहेत, मागच्याला वारा मिळावा म्हणूनच. शिवाय मागचा सिलिंडर थोडा जास्त तापतो म्हणून ठिणगी बंद पडत नाही. हा सिद्धांत सगळंच समजावून सांगतो आणि काहीच तपासू देत नाही. असा सिद्धांत कोणी दिला तर कॉफी पाजून त्याला वाटेला लावा.

खरी चूक कुठे होती

चौथ्यांदा लोयानोच्या वर थांबले तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी गाडी न बघता विचारलं, "अगं, बंद पडते तेव्हा तू करंट बघितलास का?"

करंट म्हणजे प्लगची ठिणगी. मी प्रत्येक वेळी करंट बघितला होता. घरी. दुसऱ्या दिवशी. गाडी थंड झाल्यावर.

गरम झाल्यावर येणाऱ्या दुखण्याची लबाडी इथेच आहे. टूलकिट उघडा, प्लग काढा, नवा लावा, हात पुसा, एवढ्यात इंजिन गार होतं आणि गाडी बरी होते. बरं केलं वेळेने, श्रेय घेतलं प्लगने. तुम्ही त्या वेळात नुसता हॉर्न पुसला असतात तरी गाडी सुरू झाली असती. त्यात हवामान मदतीला येतं. गार आठवडे आले की दुरुस्ती महिनाभर टिकल्यासारखी वाटते. माझ्या चारही दुरुस्त्यांतली एकही दुरुस्ती नव्हती.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. दुखणं चालू असतानाच तपासायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरा नियम सगळे सांगतात आणि रविवारी घाटात उभं असताना कुणीच पाळत नाही.

रस्त्याकडेची पाच मिनिटं

पुढच्या रविवारी मी तयारीने निघाले. खिशात जाड हातमोजे, प्लगचा पाना, एक चांगला जास्तीचा प्लग आणि पाण्याची छोटी बाटली. मिसिंग सुरू झालं तेव्हा थांबले नाही. सिलिंडर पूर्ण गप्प होऊ दिला, मग सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेतली.

आधी खात्री, की बंद आहे तो मागचाच. इंजिन चालू असताना दोन्ही सायलेन्सर पाइपांवर हेडच्या जवळ पाण्याचे दोन-दोन थेंब टाकायचे. चालू सिलिंडरच्या पाइपवर थेंब टाकताक्षणी उडतो, बंदवर फुरफुरत रेंगाळतो. फार थांबलात तर फरक कळत नाही, कारण पाइप आधीचाच तापलेला असतो, पण दोन मिनिटांत निकाल लागतो.

मग इंजिन बंद करून मागच्या सिलिंडरची टोपी काढायची, तिच्यात जास्तीचा प्लग खोचायचा, प्लगचं लोखंडी अंग हेडला घट्ट टेकवून ठेवायचं आणि किक मारायची. सिलिंडरमधला प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येऊन ठिणगीशी गाठ पडणार नाही. मोरिनीची किक डाव्या बाजूला आहे, जावा-येझदीवाल्यांना त्याचं काही वाटणार नाही. बाकीच्यांनी सोबतीला एक माणूस घ्यावा, एक किक मारेल आणि एक ठिणगी बघेल. आणि टोपी हवेत लोंबकळत ठेवून गाडी चालवून बघू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की या इग्निशनचे बॉक्स (ठिणगीची वीज साठवून सोडणारे) खराब होतात.

मागच्याला ठिणगी नाही. पुढच्याला तोच प्लग लावून पाहिला, निळी कडक ठिणगी. चार मिनिटांत पेट्रोल, कार्ब, टॅपेट, कॉम्प्रेशन असे सगळे संशयित सुटले. दोन उन्हाळ्यांत जे जमलं नाही ते. (ठिणगी दोन्हीकडे चांगली असती तर त्याच पाच मिनिटांत कार्बचा खालचा वाडगा उघडून आत पेट्रोल आहे का ते पाहिलं असतं. तेही असतं तर गरम कॉम्प्रेशनकडे वळले असते. तुमचा निकाल तसा आला तर मार्ग तो.)

ठिणगी कुठे अडते

या गाडीला जुन्या पद्धतीच्या इग्निशनचे पॉइंट-कंडेन्सर नाहीत. १९७३ साली रस्त्यावरच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तेही बॅटरीवर अवलंबून नसलेलं, ही मोठी गोष्ट होती. बॅटरी मेली तरी किकने गाडी सुरू होते. बनवणारी कंपनी डुकाटी एलेत्रोतेक्निका. मोटरसायकलवाल्या डुकाटीपासून ती १९५० च्या दशकातच वेगळी झाली होती. मूळ डुकाटी १९२६ मध्ये सुरू झाली तीच रेडिओसाठी कपॅसिटर बनवायला, आणि हे इग्निशनही कपॅसिटरवरच चालतं. मला हा योगायोग फार आवडतो.

काम असं चालतं: अल्टरनेटरमधली एक वाइंडिंग बॉक्समधला कपॅसिटर भरते. क्रँक ठरावीक जागी आला की पिकअप नावाच्या छोट्या कॉइलमधून एक बारीक इशारा जातो. इशारा मिळताच कपॅसिटर झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. इशाराच आला नाही तर कोयनेचं धरण काठोकाठ भरलेलं आणि दरवाजे उघडा असा फोनच नाही. प्रत्येक सिलिंडरचा पिकअप वेगळा, बॉक्स वेगळा.

म्हणजे आता संशयित दोनच: मागचा बॉक्स किंवा मागचा पिकअप. त्यांना जोडणारी वायर आणि कनेक्टर धरून अडीच म्हणा.

इथे जुळ्या भावाचा उपयोग झाला. पुढचा बॉक्स मागे आणि मागचा पुढे लावला, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि पुन्हा लोयानो. दुखणं पुढच्या सिलिंडरला गेलं असतं तर बॉक्स दोषी. तसं झालं असतं तर मी रडले असते, कारण हे बॉक्स आतून रेझिनने भरलेले असतात, उघडून दुरुस्त होत नाहीत. पण पुन्हा मागचाच बंद पडला. बॉक्स निर्दोष.

बॉक्स घेण्याबद्दल एक सूचना. सप्टेंबरात इमोलाच्या रेसट्रॅकवर जुन्या सुट्या भागांचा जो मोठा बाजार भरतो, तिथे मी आधीच्या वर्षी घाबरून एक 'नवा, डब्यातला' बॉक्स घेऊन ठेवला होता. न वापरलेला असला तरी त्याचंही वय माझ्या बॉक्सएवढंच. आतला कपॅसिटर डब्यात बसूनही म्हातारा होतो. असा भाग घ्यायचाच तर गाडीवर लावून, तापवून बघायची मुभा मागा. मला ती मिळाली नाही, आणि तो बॉक्स अजून तसाच पडून आहे.

हेअर ड्रायर

शेवटची खात्री घरीच झाली, घाटात जावंच लागलं नाही. दुखणं उष्णतेचं असेल तर उष्णता गॅरेजमध्ये आणता येते.

पिकअपच्या वायरी कनेक्टरपाशी सोडवल्या आणि मल्टिमीटर ओहमवर लावला. थंड असताना पुढचा आणि मागचा, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे. पुस्तिकेतला आकडा काय होता हे मी बघितलंही नाही. दोन्ही पिकअप एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बनलेले. सारखे असले की झालं.

मग टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवली आणि कव्हर काढून पिकअपवर साधा केसांचा हेअर ड्रायर धरला. रंग काढायची हीट गन वापरू नका. ती वाइंडिंगचं इन्सुलेशन जाळून टाकते आणि मग दुखणं खरंच कायमचं होतं. आधी पुढचा पिकअप तापवला. आकडा हळूहळू वाढत गेला. घाबरू नका, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतोच. पन्नास अंशांनी तापला तर वीसेक टक्के वाढ सहज दिसते. वाढ संथ आणि एकसारखी आहे का, एवढंच बघायचं.

मागचाही आधी तसाच चढला. सातव्या-आठव्या मिनिटाला आकडा थरथरला, एकदम उड्या मारायला लागला आणि मग मीटरवर 'सर्किट तुटलं' अशी खूण. ड्रायर बंद करून बसून राहिले. थोड्या वेळाने आकडा परत आला, जणू काही झालंच नव्हतं. लोयानोच्या वरचा सगळा खेळ स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून बघितला. तीनदा केला, तीनदा तोच निकाल. शेजारच्या बाईंनी ड्रायरचा आवाज ऐकून खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता खिडकी लावली.

तुटलेली जागा वायरमध्ये आहे की वाइंडिंगमध्ये, हे मीटर लावून वायर हळूच हलवून कळतं. थंड असताना वायर वाकवली आणि आकडा उडाला, तर दोष वायरीत. जिथे वायर केसिंगमधून बाहेर येते तिथे पन्नास वर्षांचं इन्सुलेशन काचेसारखं कडक होतं आणि आत तार तुटते, ते खास तपासा. माझी वायर कितीही हलवली तरी आकडा ढिम्म. म्हणजे दोष पिकअपच्या आतच.

दुरुस्ती

ही सगळ्यात छोटी गोष्ट. इटलीत गाड्यांच्या फक्त विजेचं काम करणारे असतात, त्यांना 'एलेत्राउतो' म्हणतात. आपल्याकडे पेठेत डायनामो-सेल्फ भरून देणारे वाइंडिंगवाले असतात, तसेच. आमच्या उपनगरातले म्हातारे गृहस्थ पिकअप डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, वाइंडिंग बदलायची गरज नाही. केसाएवढी बारीक तार जिथे जाड वायरीला सोल्डर केलेली होती तिथे तडा गेला होता. थंड असताना दोन टोकं टेकलेली, तापल्यावर प्रसरण पावून सुटलेली. पन्नास वर्षांच्या कंपनांनंतर सोल्डर थकला तर त्यात कुणाला बोल लावायचा. त्यांनी जोड नव्याने केला, वरून उष्णता सोसणारं वार्निश दिलं, बाहेरची वायरही सिलिकॉनच्या इन्सुलेशनची बदलली आणि ती जोडावर हलू नये म्हणून पिकअपच्या अंगालाच बांधून घेतली. बांधणं महत्त्वाचं. नुसता सोल्डर करून वायर मोकळी सोडलीत तर तोच जोड पुन्हा तुटेल.

परत बसवण्याआधी पिकअप पुन्हा ड्रायरखाली वीस मिनिटं धरला. आकडा पुढच्या भावाबरोबर पावलाला पाऊल लावून चढला. बसवताना पिकअप आणि अल्टरनेटरचा फिरणारा रोटर यांच्यातली फट आधी होती तेवढीच ठेवली. काढण्याआधीच फिलर गेजने मोजून भिंतीवर लिहून ठेवली होती, तुम्हीही तसंच करा. रोटरला हात लावायची वेळ आलीच तर त्याचा योग्य पुलर (ओढून काढायचं हत्यार) वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढलेले रोटर आणि त्यानंतरचे चेहरे, दोन्ही मी पाहिले आहेत.

जोड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर पूर्ण रिवाइंडिंग करून देणारे लोक आहेत. सगळं काढून आजच्या डिजिटल इग्निशनचं किटही लावता येतं. रोज चालवायची असेल तर किट लावा, त्यात कमीपणा नाही. मला मात्र ते जुनं कपॅसिटरवालंच चालू हवं होतं.

ऑगस्टच्या मध्यात, अख्खं बोलोन्या समुद्रावर गेलेलं आणि पारा ३६ वर, अशा दुपारी मुद्दाम निघाले. पियानोरो, लोयानो, मोंगिदोरो, रातिकोझा. वर पोहोचून इंजिन बंद न करता पाइपावर पाणी टाकलं, दोन्हीकडे थेंब उडाला. मग तशीच फुतापर्यंत गेले आणि परत आले. लंगडी एकदाही थांबली नाही.

पुढचा पिकअपही त्याच दिवशी जन्मलेला आहे, तेव्हा या हिवाळ्यात तोही काढून त्याच गृहस्थांकडे देणार आहे. तोपर्यंत एक नवीन प्रकरण: ड्राय क्लचच्या झाकणाखाली रोज सकाळी तेलाचा एक थेंब असतो. ज्याच्या नावातच ड्राय आहे त्यात तेल कुठून आलं, ते क्लच उघडला की लिहीन.